पट्टी फिरवून ठेव

सोमवार, २ फेब्रुवारी

लेक म्हणाली, आई, तुझं डोकं तापलं की तू मला फोन करतेस, मी इथे नोकरी करू की तुझं ऐकत बसू? त्यापेक्षा लिहीत जा. आणि वही पाठवून दिली. चौथी शिकलेल्या बाईला एवढी जाडजूड वही, म्हणजे उंदराला घोड्याचं खोगीर. पण आली आहे तर लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तोंडावर मी नवऱ्याला अहो म्हणते, इथे म्हणणार नाही. वहीत तरी माझी मर्जी चालू दे.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांनी जन्मभर कारखान्यात हत्यारं घडवली. घरी बसल्यावर खालच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक मोजायचं मशीन बांधलं. दगडाचा गुळगुळीत ओटा, त्यावर लोखंडी रूळ आणि रुळावरून सरकणारा कॅमेरा. त्या मशीनवर मोजून घ्यायला लांबून लोक यायचे. या घरात देव चुकेल, बाबांचं मशीन चुकणार नाही, अशी समजूत आहे.

नवराही त्याच कारखान्यात होता. गेल्या वर्षी नोकरी सोडून तो खालच्या खोलीत जाऊन बसला आणि पट्ट्या बनवायला लागला. पट्टी म्हणजे हातभर लांब काच. पण साधी काच नव्हे. ही उन्हात वाढत नाही आणि थंडीत आकसत नाही. लोखंड वाढतं, पितळ वाढतं, माणसाचं पोट वाढतं, ही वाढत नाही. तिच्यावर मोहरीपेक्षा बारीक ठिपके असतात, धातूचे. मोठमोठ्या कारखान्यातली मशीनं किती अचूक चालतात ते या पट्टीवरून बघतात. पट्टी मशीनवर ठेवायची, कॅमेऱ्याने ठिपके बघायचे. ठिपके जागचे हलत नाहीत, म्हणून आकडा चुकला तर मशीन खोटं बोलतंय. थोडक्यात, पट्टी म्हणजे मशीनची परीक्षा घेणारी बाई. आता तीच बाई चुकायला लागली तर सगळी शाळा नापास.

आणि आमची चुकते आहे. दोन पट्ट्या झाल्या, दोन्हींचे उजवीकडचे ठिपके सरकलेले निघाले. किती, तर केसाचे उभे पन्नास भाग केले तर त्यातला एक. मी म्हटलं, एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय? नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याच्या आईला शिवी दिली.

महिनाअखेरीला एका मोठ्या कारखान्याची बाई पट्टी बघायला येणार आहे. तिला पटली तर त्यांच्या सगळ्या मशीनसाठी आमच्याच पट्ट्या. नाही पटली तर नवरा परत जुन्या साहेबाकडे. साहेबाने त्याची जागा तेवढ्यासाठीच अडवून ठेवली आहे. त्या काचेचा आता शेवटचा तुकडा उरलाय.

बुधवार, ४ फेब्रुवारी

तिसरी पट्टी आली. ठिपके टाकून देणाऱ्याकडून नवरा ती घेऊन आला ते छातीशी धरून, तान्ह्या बाळासारखी. लेकीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्याने एवढी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

आणल्या आणल्या मोजायची नाही म्हणे. खोलीत पडून राहू द्यायची, तिची आणि खोलीची ऊब एक होईपर्यंत. मी म्हटलं, ती वाढत नाही ना, मग हे सोवळं कशाला? तर म्हणाला, ती वाढत नाही, पण मशीनचं लोखंड वाढतं. म्हणून खोली सारखी हवी. मी दारात उभी राहिले तरी त्याला चालत नाही. माणसाचं अंग म्हणजे पेटलेला दिवा, तू वरच थांब, म्हणतो. लग्नात मला चांदणं म्हणाला होता.

सासरे गॅलरीत बसले होते. मला हळूच म्हणाले, पोचली का? जसं काही नवी सूनच आली.

मी म्हटलं, तुमचा मुलगा समोरून गेला आत्ता, त्यालाच विचारायचं होतं. त्यावर ते पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

हे एक लिहायलाच हवं. हे दोघं बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, जीव आहे दोघांचा एकमेकांवर. पण बोलताच येत नाही. सासूबाई होत्या तोवर त्या मधे असायच्या. 'अगं आई, बाबांना विचार मफलर हवा का.' 'अगं, त्याला सांग दिवा मालव.' त्या गेल्या आणि हे टपालखातं माझ्या गळ्यात पडलं. बाबा हाताच्या अंतरावर बसलेले असतात आणि नवरा मला विचारतो, बाबा चहा घेतील का. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि बाबांना विचारते, बाबा चहा घ्याल का. बाबा म्हणतात, हो म्हण त्याला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मोजली. उजवीकडचे ठिपके सरकलेले. तेवढेच, तिथेच.

नवरा वर आला आणि ताटावर बसून नुसता पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला. म्हणे, माझ्याच हातात खोट आहे. मी म्हटलं, असेल, पण उपाशी राहून हात सुधारतो का? उठून गेला.

मग सासऱ्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "सूनबाई, त्याला म्हणावं, पट्टी फिरवून ठेव. डावं टोक उजवीकडे. आणि परत मोज."

मी हो म्हटलं आणि जिना उतरायला लागले. सकाळपासून तो माझा कितवा फेरा होता कोण जाणे. बाबांना सांग खिडकी लावा. त्याला सांग नळ गळतोय. बाबांना विचार गोळी घेतली का. अर्ध्या जिन्यात गुडघ्यात कळ आली आणि मी तिथेच बसले. म्हटलं, बस. दोघांनाही तोंडं आहेत, जिभा आहेत, मी काय त्यांच्या वरातीतलं घोडं आहे? आजपासून टपाल बंद.

पण यावेळी सांगून नाही करायचं. मागे एकदा सांगून संप केला होता, तर दोघं मांजराशी बोलायला लागले. 'मने, विचार गं बाबांना.' तेव्हा आता गुपचूप. दोघांनाही हो म्हणायचं आणि कुणाचं काही पोचवायचं नाही. उत्तर आलं नाही की झक मारत एकमेकांकडे जातील.

जिन्यात पाच मिनिटं बसून परत वर आले. सासरे म्हणाले, सांगितलंस? मी म्हटलं, हो. बरं वाटलं मला. कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

संप जोरात. नवरा म्हणाला, बाबांना विचार मीठ हवं का. मी हो म्हणून कपाटातली बरणी शोधायला गेले आणि आलेच नाही. परत आले तर मिठाची वाटी मधोमध, जशीच्या तशी, आणि दोघं अळणी जेवून उठलेले. आता अळणी जेवतील पण एक शब्द बोलायचे नाहीत. अशा लोकांची मी सून आणि बायको आहे.

संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, "काही म्हणाला का तो?"

मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं.

"नाहीच म्हणणार," असं म्हणाले आणि अर्धं ताट तसंच टाकून उठले. या वयात माणसाची भूक जाते हे खरं आहे. उद्यापासून त्यांना पातळ काहीतरी करून घालीन.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दुपारी चहा घेऊन खाली गेले. मला वाटलं ओरडेल, आलीस का ऊब घेऊन म्हणून, पण नाही ओरडला. मशीनपुढे बसला होता, तळहात रुळावर टेकवून. पट्टी बाजूला तिच्या पेटीत होती.

म्हणाला, हा रूळ बाबांनी हाताने खरवडून सपाट केलाय, मशीनवर नाही. अख्खा एक हिवाळा गेला त्यात. रोज थोडं खरवडायचं आणि बघायचं, परत थोडं खरवडायचं. मी कामावरून आलो की ते मला फुंकर घालायला लावायचे, चुरा उडवायला. तेवढंच काम माझं. पण रोज थांबायचे माझ्यासाठी.

मी म्हटलं, चहा निवतोय.

मग म्हणाला की जुन्या साहेबाला हो कळवून टाकतो. मी म्हटलं, ती बाई यायची आहे अजून. तर म्हणे, आली तरी दाखवू काय, पट्टीच वाईट आहे. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, पट्टीच वाईट आहे हे नक्की का?

तर खसकन अंगावर आला. "मग काय, मशीन वाईट आहे?"

मी म्हटलं मला काय विचारता, मी कपबशा धुणारी बाई. फडक्याने रूळ पुसत बसला. पुसलेलाच रूळ परत पुसत होता. निघताना म्हणाला, बाबांजवळ यातलं काही बोलू नकोस. मी म्हटलं, नाही बोलणार. आता हे एक आयतंच झालं, संपातच बसलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

नवरा दाढी करायला बाहेर गेला होता तेव्हा सासरे खाली जाऊन आले. गुडघे धरून धरून उतरले. कशाला गेलात विचारलं तर म्हणाले, सहज. आणि नंतर टॉवेल बघते तर निळेजांभळे डाग. बोटंही निळी. तो त्यांच्या धंद्यातला चिकट रंग, काही केल्या जात नाही. पांढरा टॉवेल होता. मी म्हटलं, या वयात रंगाशी खेळायचं काही कारण? बोट दिव्याखाली धरून बघत राहिले, जणू रिपोर्ट आलाय दवाखान्यातून.

मग विचारलं, "फिरवली का गं त्याने?"

मी म्हटलं, फिरवली असेल.

"काय आलं?"

मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं.

"तुला नाही सांगणार. मलाही नाही सांगणार. आईवर गेलाय. तीही मला लागेल असं कधी बोलली नाही."

चेहरा असा झाला होता, पिळून टाकलेल्या कपड्यासारखा. पोटाचंच काहीतरी असणार. गरम पाणी दिलं, गोळी दिली. नाही म्हणाले. मी म्हटलं, घ्या मुकाट्याने. घेतली बिचाऱ्यांनी.

एक आहे, माझा संप काही लागू पडत नाहीये. दोघंही आधीपेक्षा गप्प झालेत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज घरात भंगारवाला आला. मी म्हटलं, आम्ही नाही बोलावलं. तर मागून सासरे म्हणाले, मी बोलावलाय. त्याला खाली घेऊन गेले, मशीन दाखवलं. त्याने रुळाला चपलेच्या टोकाने टुक केलं आणि लोखंड किती, दगड किती याचा अंदाज घेतला. सासरे बाजूला भिंतीला हात लावून उभे होते. शनिवारी गाडी घेऊन ये म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? लेकराने नोकरी सोडली या मशीनच्या जिवावर.

म्हणाले, "जुनं झालंय ते. त्याच्या वाटेत अडचण नको. त्याला तोंडाने सांगवत नाही, तर आपणच उचलावं."

मला त्यातलं काही कळलं नाही. रागच आला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे ऐकलं होतं, पण पोराच्या पोटावर पाय देणारा हट्ट? नवरा बाजारातून पाव घेऊन आला, त्याला भंगारवाला जिन्यातच भेटला आणि त्याने सगळं सांगितलं. वर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. पाव हातातच.

मला स्वयंपाकघरात म्हणाला, "ती बाई यायच्या आधीच बाबांनी मशीन विकायला काढलं. म्हणजे माझ्या हातून काही होणार नाही, हे त्यांचं ठरलंय."

मी म्हटलं, अहो पण जाऊन विचारा त्यांना.

"तू विचार ना," म्हणाला.

माझ्या हातात वरणाचा डाव होता तो मी मोरीत फेकला. त्याला नाही मारला, मोरीतच फेकला. पण त्याला कळलं असावं की निशाणा बदलायला वेळ लागणार नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

उद्या गाडी येणार. सकाळी सासऱ्यांच्या हाताला धरलं आणि म्हटलं, चला खाली. कशाला, म्हणाले. म्हटलं, चला म्हणते ना. नवरा खोलीतच होता. तिघं आत, दार लावलं, स्टूल दाराला लावलं आणि त्यावर बसले. मी काही हलकी बाई नाही. उठवणार कोण मला?

नवरा म्हणाला, खोलीची ऊब वाढेल.

मी म्हटलं, वाढू दे. आता बोला. दोघं. एकमेकांशी. मी इथे नाहीच असं समजा.

कुणी बोलेना. सासरे छताकडे, नवरा चपलांकडे. शेवटी सासरे म्हणाले, सूनबाई, त्याला म्हणावं...

मी म्हटलं, नाही म्हणणार.

मग त्यांनी घसा साफ केला. एकदा केला, परत केला. आणि भिंतीकडे बघत का होईना, पण त्यालाच म्हणाले, "फिरवल्यावर काय आलं ते सांगितलं नाहीस मला."

"काय फिरवल्यावर?"

"पट्टी. निरोप धाडला होता ना मी."

"कसला निरोप?"

आणि मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी एकसारखे, हे मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. मी म्हटलं, नाही सांगितला निरोप. टपाल बंद केलं मी. तुमचं तुम्ही बोलावं म्हणून. आता मारा बोंब.

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आता काय करू. पण ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून. म्हणाले, आणि मी इकडे तेरवीची तयारी करत होतो मशीनच्या. मग डोळे पुसले आणि पोराकडे वळले.

"बरं, निरोप नाही मिळाला. पण तुला स्वतःला सुचलं नाही? गवंडीसुद्धा पाणसळ उलटी करून बघतो."

नवरा म्हणाला, "सुचलं होतं."

"कधी?"

"पहिल्या पट्टीच्या वेळीच."

"मग?"

"मशीन तुमचं आहे, बाबा."

मी म्हटलं, हे मला कुणीतरी माणसांच्या भाषेत सांगा. तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं. चूक उजवीकडे दिसते आहे. पट्टी उलटी ठेवली आणि चूक डावीकडे गेली, तर ती पट्टीबरोबर फिरली, म्हणजे पट्टी खोटी. आणि पट्टी फिरवूनही चूक उजवीकडेच राहिली, तर खोट मशीनमध्ये. त्यांना संशय होताच. म्हणून तर रविवारी सपाट लोखंडी पाटाला निळा रंग लावून तो रुळावर घासून बघितला. उजव्या टोकाला रंग लागलाच नाही. झिजलाय तिथे. आणि निरोप पाठवला तो यासाठी, की पोराने बघावं आणि बिनधास्त सांगावं. पोराकडून उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी धरलं की त्याने बघितलं आणि बापाला वाईट वाटेल म्हणून गिळून टाकलं. म्हणून भंगारवाला.

आणि नवऱ्याने तर बघितलंच नव्हतं. बघितलं तर कळेल, कळलं तर सांगावं लागेल, म्हणून बघायचंच नाही. चांगल्या दोन पट्ट्या बाद केल्या. तिसरीही करणार होता. नोकरी परत धरणार होता. का, तर बापाच्या रुळाला नावं ठेवायला नकोत.

"गाढवा," सासरे म्हणाले.

मी या घरात आल्यापासून त्यांनी पोराला कुठल्याच नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. नवऱ्याची मान खाली होती, पण कान लाल झालेले मला दिसत होते. खूश झाला की लाल होतात त्याचे.

पट्टी फिरवून ठेवली. नवऱ्याने एक टोक धरलं, दुसरं धरायला सासरे. त्यांचा हात कापतो म्हणून मी श्वास धरून बसले, पण काचेजवळ आल्यावर कापायचा थांबला. मग वाट बघायची, ऊब सारखी होईपर्यंत. दोघांनी मला बाहेर घालवलं. दोघांनी मिळून, एका आवाजात. मी जिन्यात बसून राहिले.

दुपारी दार उघडलं तेव्हा मी आत गेले. चूक उजवीकडेच होती. जिथल्या तिथे. पट्टी पाठमोरी झाली तरी मशीन आपलं तेच तेच बोलत होतं. नवरा आकडे हळू आवाजात वाचत होता.

सासरे म्हणाले, "मोठ्याने वाच. मला ऐकू येऊ दे."

त्याने वाचले. सासऱ्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. "जिवंतपणी कळलं."

नवरा आकडे परत वाचायला लागला. तेव्हा त्यांनीच परत सांगितलं, "अरे, माझं मशीन आजवर कुणाला पकडता आलं नव्हतं. तुझ्या पट्टीने पकडलं. आणखी कसला दाखला हवाय तुला?"

मी वर येऊन भंगारवाल्याला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. तो चिडला. मग मीही चिडले. मला कुणावर तरी चिडायचंच होतं.

आणखी एक. बाद केलेल्या दोन्ही पट्ट्या नवऱ्याने फेकल्याच नव्हत्या. आमच्या पलंगाखाली निघाल्या, माझ्या लोकरीच्या शालीत गुंडाळलेल्या. ती शाल मी थंडीभर शोधत होते.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

बाई आली. आमच्या लेकीएवढीच असेल. जाड चष्मा, पायात मजबूत बूट. मला आवडली, कारण आल्या आल्या बसा-उठा न करता कुठे आहे पट्टी, म्हणाली.

मला वाटलं होतं नवरा बोलेल. पण सासरेच पुढे झाले, इस्त्रीचा सदरा घालून. म्हणाले, "मशीन माझं आहे आणि ते उजव्या टोकाला चुकतं. पट्टी ह्याची आहे, ती बरोबर आहे. आधी हे सांगतो, मग मोजू."

मी कपाळाला हात लावला. दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य हे? पण त्या पोरीने चष्मा वर केला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. फिरवून दाखवा, म्हणाली. बाप-लेकांनी सुलटी दाखवली, उलटी दाखवली. तिने आकडे टिपून घेतले. पट्टी पेटीत घालून घेऊन गेली. त्यांच्याकडे भट्टीजवळच्या मशीनवर ठेवून बघणार आणि थंड कोठीतल्या मशीनवरही. मग कळवीन म्हणाली.

जाताना नवरा तिच्या गाडीमागे चार पावलं चालत गेला. पेटीकडे बघत. लेक सासरी गेली तेव्हा मी अशीच चालले होते, तेव्हा मला म्हणाला होता, काय वेड्यासारखं करतेस.

सोमवार, २ मार्च

जुन्या साहेबाने येतोस का म्हणून विचारलं होतं. नवऱ्याने उत्तर दिलं नाही. फोन हातात धरून दिवसभर बसला, आणि मी त्याला सारखी विचारत राहिले, आला का, आला का. तो म्हणाला, तू विचारत राहिलीस तर येणार कसा, लाइन मोकळी आहे का तुझ्या तोंडाची.

चारच्या सुमाराला त्या बाईचा फोन आला. हं. हं. हो. हं. एवढंच बोलला. माझा जीव टांगणीला आणि हा हं हं करतोय. शेवटी फोन ठेवला आणि मला काहीही न सांगता तडक सासऱ्यांच्या खोलीत गेला. स्वतःच्या पायांनी. मी दाराला कान लावला. लावणार नाही तर काय?

"बाबा, पट्टी पास झाली. भट्टीजवळ काय आणि कोठीत काय, लांबी तीच. हलली नाही."

"आणि त्यांची मशीनं?"

"भट्टीजवळचं चुकतंय. तिथला कारागीर पट्टीवर चिडलाय म्हणे."

"चिडणारच. सगळ्या मशीनसाठी मागितल्या?"

"हो."

मग बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, आता गळ्यात गळे पडले असतील. हळूच डोकावले. दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसले होते, समोरच्या भिंतीकडे बघत, हात मांडीवर ठेवून. मग सासरे म्हणाले, रूळ काढायला घेऊ, उजवं टोक परत खरवडावं लागेल. नवरा म्हणाला, घेऊ.

संपलं. एवढंच. हे दोघं कधी सुधारणार नाहीत. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासत रडले. भांडी घासलेलीच होती.

गुरुवार, १२ मार्च

घराची धर्मशाळा झाली आहे. मशीनचे सगळे भाग सुटे. रूळ खालच्या टेबलावर, स्क्रू माझ्या वाट्यांमध्ये, निळा रंग दाराच्या कडीला, पंख्याच्या बटणाला, मांजराला. पट्ट्यांसाठी नवी काच येऊन पडली आहे, आणि हे दोघं रूळ खरवडतायत.

आज सकाळपासून तर खाली नुसता कल्लोळ. सासरे म्हणतायत, स्क्रेपर असा धरतात का, लोणी काढतोयस का तू? नवरा म्हणतोय, बाबा, जोर लावला तर खड्डा पडेल. सासरे म्हणतायत, खड्डा पडेल म्हणून कारखान्यात आयुष्यभर कुणी मला सांगितलं नाही, आता तू सांगणार. नवरा म्हणतोय, सांगणार, रंगात दिसतंय ते सांगणार, या बघायला. तुझा रंग गेला खड्ड्यात. खड्डा तुम्हीच पाडताय. आवाज असे चढले की मांजर कपाटावर जाऊन बसलं.

समोरची इस्त्रीवाली रस्ता ओलांडून आली. नव्यानेच दुकान टाकलंय तिने, आमच्या घरात तिने आजवर बाप्यांचा आवाज ऐकलेला नाही. दारात उभी राहून दबक्या आवाजात मला म्हणाली, ताई, बाप-लेकांचं फारच जुंपलंय हो. माझ्या नवऱ्याला पाठवू का मधे पडायला?

मी म्हटलं, "खबरदार. आत्ता कुठे जमायला लागलंय त्यांना."

ती गेली चक्रावून. मी रेडिओ बंद केला, वरून नीट ऐकू यावं म्हणून.